धमकी आणि धोका : पोलीस तपासापासून सुरक्षा सल्लागारापर्यंत

या पाठात आपण 'धोक्याचे मूल्यमापन' या क्षेत्राची ओळख करून घेणार आहोत. अमेरिकेत अनेक पोलीस डिटेक्टिव्ह, म्हणजे तपास अधिकारी, निवृत्तीनंतर याच विषयाचे सल्लागार होतात. ते नेमके काय करतात आणि त्यांच्या कामाला मर्यादा कोणत्या, हे समजून घेऊ.

१. पार्श्वभूमी

पोलीस तपास सहसा गुन्हा घडल्यावर सुरू होतो. १८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीची तिच्या घराच्या दारातच गोळी घालून हत्या झाली. मारेकरी सुमारे तीन वर्षे तिच्या मागावर होता. तिचा पत्ता त्याने एका खाजगी गुप्तहेरामार्फत, मोटार वाहन खात्याच्या नोंदींतून मिळवला होता. त्या काळी पाठलाग हा तेथे स्वतंत्र गुन्हाच नव्हता.

१९९० मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलागविरोधी कायदा केला. अमेरिकेतील हा असा पहिला कायदा होता. त्याच वर्षी लॉस एंजेलिस पोलिसांनी 'थ्रेट मॅनेजमेंट युनिट' स्थापन केले. १९९२ मध्ये या क्षेत्रातील व्यावसायिकांची संघटना उभी राहिली आणि १९९४ मध्ये वाहनचालकांची खाजगी माहिती उघड करण्यावर केंद्रीय कायद्याने बंधने आली.

२. धमकी देणे आणि धोका असणे

हे दोन शब्द आपण बोलताना सहज एकमेकांच्या जागी वापरतो. या विषयात मात्र त्यांतील फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने प्रसिद्ध व्यक्तींवर हल्ला करणाऱ्या किंवा त्या हेतूने त्यांच्याजवळ पोहोचलेल्या ८३ जणांचा अभ्यास केला. त्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी संबंधित व्यक्तीला किंवा पोलिसांना आधी थेट धमकी दिली होती. म्हणजे धमकी देणारा प्रत्येक जण हल्ला करत नाही, आणि हल्ला करणारा बहुधा धमकी देत नाही.

मग पाहायचे काय? वागणूक. तक्रार मनात धुमसत आहे का, हिंसा हाच उपाय वाटू लागला आहे का, लक्ष्याची माहिती गोळा होत आहे का, शस्त्र मिळवण्याची खटपट चालू आहे का? धातूतील तडा एका क्षणात पडत नाही. भार पुन्हा पुन्हा येतो, तडा वाढतो आणि मग भाग तुटतो. इथेही निष्कर्ष एका वाक्यावरून काढायचा नसतो, बदलाची दिशा पाहायची असते.

३. 'संशयितांची यादी' का चालत नाही?

एक काल्पनिक गणित करा. १०,००० कर्मचाऱ्यांत ५ जण खरोखर धोकादायक आहेत. तुमच्याकडे ९९ टक्के अचूक चाचणी आहे. ती त्या पाचही जणांना पकडेल असे समजू. पण उरलेल्या ९,९९५ जणांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १०० निरपराध माणसेही ती संशयित ठरवेल. म्हणजे संशयित १०५, त्यांत निरपराध १००. घटना जितकी दुर्मीळ, तितकी ही चूक मोठी. म्हणूनच चांगला सल्लागार स्वभावाच्या साच्यावरून माणसे वेचत नाही. ज्याच्याबद्दल ठोस काळजी व्यक्त झाली आहे, त्याचीच चौकशी करतो.

४. निवृत्तीनंतर काय बदलते?

मुलाखत घेणे, पुरावा जपणे, घटनाक्रम मांडणे ही कौशल्ये डिटेक्टिव्हजवळ आधीच असतात. पण अटक आणि झडतीचे अधिकार निवृत्तीबरोबर जातात. आता तो फक्त सल्ला देतो : धमकीचे संदेश पुसू नका, तारखेसह जपून ठेवा, कर्मचाऱ्याला कामावरून काढताना त्याचा अपमान करू नका, पुढील संपर्कासाठी एकच व्यक्ती नेमा, न्यायालयाचा मनाई हुकूम मागण्यापूर्वी त्याने समोरचा अधिक चिडेल का, याचा विचार करा.

दुसरा बदल असा, की त्याचे शुल्क ग्राहक भरतो. कंपनीला नकोसा वाटणारा, तक्रारखोर कर्मचारी 'धोकादायक' ठरवून देण्याचा मोह इथे असतो. त्यामुळे मानसतज्ज्ञ, वकील आणि मनुष्यबळ अधिकारी यांच्यासह पथकाने निर्णय घेणे ही चांगली पद्धत मानली जाते.

५. तुमच्याशी याचा संबंध

सीक्रेट सर्व्हिस आणि अमेरिकेचा शिक्षण विभाग यांनी शाळांतील ३७ हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय आहे, हे आधी किमान एका व्यक्तीला ठाऊक होते. आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा मित्र, शाळासोबती किंवा भावंड होती. याला या क्षेत्रात 'गळती' म्हणतात. ती सल्लागाराच्या कानावर येत नाही, तुमच्या कानावर येते. तेव्हा मित्र असे काही बोलला तर चेष्टा समजून सोडू नका, विश्वासातील शिक्षकाला सांगा. सांगणे ही चुगली नव्हे. वेळीच मदत मिळाली तर तोही वाचतो.

भारतात २०१३ पासून स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. सध्या तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. इंटरनेटवरून पाळत ठेवणेही त्यात मोडते.

स्वाध्याय

१. धमकी आणि धोका यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. वरील गणितात धोकादायक व्यक्ती ५ ऐवजी ५०० असत्या, तर संशयितांतील निरपराधांचे प्रमाण किती झाले असते?
३. सल्लागाराचे शुल्क ग्राहक देतो, यामुळे कोणता नैतिक प्रश्न उभा राहतो?