दात, जबडा आणि हाडाचा प्रतिसाद : दंतसुधारणेमागील शास्त्राचा परिचय

प्रस्तावना :

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील कोणत्याही महाविद्यालयाच्या वर्गात दातांना तार लावलेले दोन-चार विद्यार्थी आज सहज आढळतात. हा उपचार ज्या शास्त्रशाखेत मोडतो तिला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. दवाखान्यात आलेले पालक बहुधा तीनच प्रश्न विचारतात : किती महिने लागतील, किती खर्च येईल आणि लवकर आटोपता येईल का? यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दंतवैद्याच्या कौशल्याइतकेच रुग्णाच्या हाडावर अवलंबून असते, ही गोष्ट मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते.

तार दाताला ओढून आणते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तार केवळ दाब निर्माण करते. दात सरकतो तो त्याच्याभोवतीचे हाड एका बाजूने विरघळते आणि दुसऱ्या बाजूने नव्याने तयार होते म्हणून. हे काम जिवंत पेशींचे असून त्या आपल्या गतीने ते करतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप आणि उपचाराचे वय, कालावधी व टिकाऊपणा यांच्याशी असलेला तिचा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

महिन्याची फेरी :

मुंबईत दंतशिक्षणाच्या दोन जुन्या सार्वजनिक संस्था आहेत. महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये मुंबई सेंट्रल येथे सुरू झाले. दुसरे शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. भारतीय ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना १९६५ मध्ये झाली. उपनगरांत आज गल्लोगल्ली खाजगी दवाखाने असले, तरी ज्यांना तेथील खर्च झेपत नाही त्यांना या दोन संस्थांचाच आधार असतो. बोरिवलीचा विद्यार्थी पश्चिम रेल्वेने, मुलुंडचा मध्य रेल्वेने दर महिन्याला दक्षिण मुंबई गाठतो. त्या दिवशीची त्याची अनुपस्थिती हजेरीपटावर दिसते. तिचे कारण मात्र फारसे कोणी विचारत नाही.

ही फेरी दर आठवड्याला का नसते? डॉक्टरांना वेळ नसतो म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. तार आवळल्यानंतर हाडाचे विरघळणे, दात सरकणे आणि दुखावलेल्या ऊतींची दुरुस्ती होणे या चक्रासाठी सुमारे तीन ते चार आठवडे लागतात. दुरुस्ती पूर्ण होण्याआधी पुन्हा जोर लावल्यास वेग वाढत नाही, इजा मात्र वाढते. निकेल-टायटेनियमच्या तारा दीर्घकाळ सौम्य जोर देत राहतात. त्यामुळे त्या वापरात आल्यावर दोन भेटींमधील अंतर काहीसे वाढवता आले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा येथील जॉर्ज आन्द्रियासेन यांनी या मिश्रधातूचा दंतोपचारात वापर सुरू केला. मूळ शोध मात्र अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील होता.

पाव मिलिमीटरचा पडदा :

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. त्यास परिदंत बंध म्हणतात. त्यात तंतूंबरोबर रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी असतात. चावताना बसणारा क्षणिक दाब हा पडदा सहज पेलतो. दाब तासन्‌तास एकाच दिशेने राहिला, तर मात्र त्याचे वर्तन बदलते.

या बदलाचे पहिले व्यवस्थित दर्शन स्वीडनमधील कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून घडविले. त्यांचे निष्कर्ष १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड विरघळते आणि ज्या बाजूस ताण पडतो तेथे नवे हाड जमते, असे त्यांना आढळले. त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. जोर जास्त असेल तर दाबाच्या बाजूचा पडदा इतका चेपला जातो की तेथील पेशी मरतात आणि काचेसारखा निर्जीव पट्टा उरतो. तेथे हाड विरघळविणाऱ्या पेशी पोहोचू शकत नाहीत. त्या मागच्या बाजूने, हाडाच्या आतून पोखरत येतात. तोवर दात जागच्या जागी थांबलेला असतो.

१९३२ मध्ये श्वार्त्झ यांनी याला मोजमापाची जोड दिली. त्यांच्या मते दाताच्या मुळावरील दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबापेक्षा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० ते २६ ग्रॅमपेक्षा, जास्त नसावा. हा आकडा आज जसाच्या तसा वापरला जात नाही, तरी त्यामागील तत्त्व टिकून आहे. दात नुसता कलता करायचा असेल तर साधारण ३५ ते ६० ग्रॅम जोर पुरतो. मुळासकट संपूर्ण दात सरकवायचा असेल तर ७० ते १२० ग्रॅम. आणि दात हाडात आत दाबायचा असेल तर अवघे १० ते २० ग्रॅम. कोथिंबिरीच्या लहानशा जुडीचे वजनही यापेक्षा जास्त भरेल. सौम्य जोराखाली दोन दिवसांतच हाड समोरून विरघळू लागते. जोर अधिक असल्यास निर्जीव पट्टा दूर होईपर्यंत एक ते दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ, वाया जातो. घट्ट आवळले म्हणजे लवकर होईल ही समजूत येथेच खोटी ठरते. सर्वसाधारणपणे दात महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो.

दाबाची वार्ता पेशींपर्यंत कशी पोहोचते, हा प्रश्न पुढे दीर्घकाळ संशोधनाचा विषय राहिला. ताणलेल्या हाडात सूक्ष्म विद्युतभार निर्माण होतो, हे जपानमधील फुकाडा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये दाखविले. तेव्हा उत्तर सापडल्यासारखे वाटले. परंतु हा विद्युत संकेत क्षणिक असतो आणि सतत दाबाखाली टिकत नाही. त्यामुळे आज भर रासायनिक संकेतांवर आहे. चेपलेल्या पडद्यात प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये स्रवतात. हाड बांधणाऱ्या पेशी ‘रँकल’ नावाचे प्रथिन प्रकट करतात, आणि त्याच्या सांगण्यावरून हाड विरघळविणाऱ्या पेशी तयार होतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओळखले गेलेले हे प्रथिन हाडांच्या ठिसूळपणावरील एका आधुनिक औषधाचेही लक्ष्य आहे. म्हणूनच हाडांच्या विकारांवर औषधे, विशेषतः बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे, घेणाऱ्या प्रौढ रुग्णाने ही माहिती दंतवैद्यास आधी देणे अत्यावश्यक असते. त्याच्या बाबतीत दात सरकणे मंदावते आणि जखम भरण्यातही अडचण येऊ शकते.

संकेत पूर्ण होण्यास वेळेचे सातत्यही लागते. दिवसातून सुमारे सहा तासांपेक्षा कमी काळ जोर राहिला तर दात फारसा हलत नाही, असे मानले जाते. काढता-घालता येणारी क्लिप किंवा रबर बँड विद्यार्थी लोकलमध्ये काढतो, वर्गात बोलताना काढतो, वडापाव खाताना काढतो. मग ‘उपचार लागू पडत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा दोष हाडाचा नसतो.

‘दहावी होऊ दे’ :

दात सरकविणे आणि जबड्याच्या वाढीस वळण देणे ही दोन वेगळी कामे आहेत. दात प्रौढ वयातही सरकतात, कारण परिदंत बंधाची क्षमता आयुष्यभर टिकते. हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर चाळिशीतही उपचार होऊ शकतो. जबड्याचे तसे नाही. खालचा जबडा मागे राहिला असेल तर ट्विन ब्लॉकसारख्या उपकरणाने तो पुढे धरून वाढीचा लाभ घेता येतो. वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूच्या मध्यरेषेतील सांधा रुंदावता येतो. मात्र यासाठी वाढ चालू असावी लागते. मुलींमध्ये वाढीचा वेग साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी सर्वाधिक असतो. टाळूचा सांधा वयानुसार अधिकाधिक गुंतत जातो आणि किशोरवयाच्या अखेरीस तो साध्या उपकरणाला दाद देईनासा होतो.

मध्यमवर्गीय कुटुंबात तार लावण्याचा विषय निघाला की ‘आधी दहावी होऊ दे’ असे म्हटले जाते. केवळ दात वेडेवाकडे असतील तर या विलंबाने फारसे बिघडत नाही. जबड्यांच्या प्रमाणात दोष असेल तर मात्र दहावीचा निकाल लागेपर्यंत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, वाढीचा मुख्य काळ संपून गेलेला असतो. मग निरोगी दाढा काढून दोष झाकणे किंवा अठरा वर्षांनंतर जबड्याची शस्त्रक्रिया करणे, एवढेच मार्ग उरतात. तपासणी लवकर करणे म्हणजे उपचार लगेच सुरू करणे नव्हे. सातव्या-आठव्या वर्षी एकदा तपासून घेतल्यास थांबावे की नाही, हे निदान माहिती असताना ठरविता येते. वेळापत्रकाची निवड परीक्षा मंडळाच्या हाती सोपविणे हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

दोष दातांचा की जबड्याचा, हे ठरविण्यासाठी चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रावर कोन मोजले जातात. ही पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राट यांनी स्वतंत्रपणे मांडली. तिची प्रमाणभूत मापे प्रारंभी गोऱ्या अमेरिकी चेहऱ्यांवरून ठरली होती. १९६९ मध्ये नंदा व नंदा यांनी उत्तर भारतीयांच्या मापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परक्या सरासरीवरून आपल्या मुलीचे ओठ ‘पुढे’ ठरवायचे काय, हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही.

भाकरी आणि बिस्कीट :

मुळात जबड्यात दातांना जागा अपुरी का पडते? आनुवंशिकता हे एक कारण निश्चित आहे. दुसरे संभाव्य कारण पुन्हा हाडाच्या प्रतिसादाशी निगडित आहे. वाढत्या वयात चावण्याचा भार कमी पडला तर जबडा पूर्ण क्षमतेने वाढत नाही, असे मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी मांडले. १९८३ मध्ये त्यांनी भारतीय सहकाऱ्यांसमवेत उत्तर भारतातील ग्रामीण व शहरी तरुणांच्या दंतरचनेचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. शहरी गटात दोष अधिक आढळले. प्राण्यांना मऊ अन्न देऊन केलेल्या प्रयोगांतही जबड्यांची वाढ कमी झालेली दिसते. चहात बुडविलेले बिस्कीट, पाव आणि नूडल्स यांवर वाढणाऱ्या उपनगरी मुलाच्या जबड्याला भाकरी, ऊस, हरभरे यांचा व्यायाम मिळत नाही, हे तर उघड आहे.

तथापि येथे सावधगिरी हवी. ग्रामीण आणि शहरी जीवनात अन्नाखेरीज इतरही अनेक फरक असतात. ‘पूर्वीच्या लोकांचे दात सरळच असत’ असे विधान तर पुराव्यावाचूनच केले जाते. महाराष्ट्रात या विषयासाठी मोलाचे साहित्य इनामगाव येथे मिळाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक केले. तेथील मानवी अवशेषांचा जॉन लुकाच व एस. आर. वाळिंबे यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु या दफनांत बहुसंख्य अवशेष घराच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेल्या बालकांचे आहेत. दुधाच्या दातांची घडण व बालपणीच्या आरोग्याच्या खुणा यांसाठी ते अमूल्य आहेत. प्रौढांच्या दंतपंक्ती सरळ होत्या की नव्हत्या याचा निवाडा त्यांवरून करता येत नाही. मुलाला भाकरी चावायला लावणे हितकारकच, पण त्याने तार टळेल अशी हमी कोणी देऊ नये.

वेगाचा मोह :

प्रौढ रुग्णांची संख्या वाढू लागली तशी उपचार अर्ध्या वेळात संपविण्याच्या जाहिरातीही वाढल्या. हाडाला शस्त्रक्रियेने जखम केली असता त्या भागातील घडामोडी काही काळ वेगावतात, हे हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८३ मध्ये वर्णिले होते. त्याआधारे विल्को बंधूंनी २००१ मध्ये हाडाला छेद देऊन दात हलविण्याची पद्धत मांडली. वेग काही महिनेच टिकतो आणि शस्त्रक्रियेचा भार रुग्णावर पडतो. कंप देणाऱ्या उपकरणांचा २०१० नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत विशेष लाभ दिसलेला नाही. क्ष-किरण चित्र न काढता घरपोच मिळणाऱ्या पारदर्शक साच्यांचा प्रकार अधिक चिंताजनक आहे. हाडाची पातळी खालावलेली असताना दात हलविल्यास तो कायमचा सैल होऊ शकतो. दाताच्या मुळाचे टोक थोडेसे झिजणे हे या उपचारात सर्रास आढळते. तीव्र झीज सुमारे १ ते ५ टक्के रुग्णांत होते आणि ती क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही.

तार काढल्यानंतर :

तार निघाली की उपचार संपला असे समजले जाते आणि येथेच सर्वाधिक नुकसान होते. परिदंत बंधाचे तंतू नव्या जागी स्थिरावण्यास तीन ते चार महिने लागतात. हिरडीतील कोलॅजन तंतूंना चार ते सहा महिने, तर तेथील लवचीक तंतूंना वर्षाहून अधिक काळ लागतो. वळवून सरळ केलेला दात याच तंतूंच्या ओढीने मागे फिरतो. म्हणून पहिले काही महिने दात धरून ठेवणारी क्लिप जवळजवळ पूर्णवेळ आणि नंतर रात्री वापरावी लागते.

त्यानंतरही धोका संपत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट लिटल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, क्लिप थांबविल्यानंतर दहा वर्षांनी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या खालच्या पुढच्या दातांची रचना असमाधानकारक झाली होती. याचा दोष अक्कलदाढेवर टाकण्याची प्रथा आहे, परंतु अभ्यासांतून तिला पुरेसा आधार मिळत नाही. उपचार न घेतलेल्या माणसांतही वयानुसार खालचे दात दाटीवाटीने येतातच. चार-सहा दिवस विसरलेली क्लिप पुन्हा बसविताना घट्ट लागते, याचा अर्थ तेवढ्या अवधीत दात सरकले आहेत. अशा वेळी ती घट्ट लागली तरी पूर्ण बसत असेल तर पुन्हा नियमित वापर सुरू करावा. बसतच नसेल तर जोर न लावता दंतवैद्याकडे जावे.