गाईला रविवार नसतो

रोज तेच ते करून माणूस थकतो, असे आपण सहज म्हणतो. हे विधान तपासून पाहायला राहाता तालुक्यासारखी जागा नाही, कारण रोजच्या त्याच त्या कामाची तीन निरनिराळी रूपे तिथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. शिर्डीला साईबाबांच्या समाधी मंदिरात दिवसाला चार आरत्या होतात: काकड, मध्यान्ह, धूप आणि शेज. शब्द तेच, चाल तीच, क्रमही तोच. लोणीजवळ प्रवरानगरला १९५० साली सुरू झालेला सहकारी साखर कारखाना आहे. मोळी पडली की ऊस, रस, पाक, साखर हे चक्र रात्रंदिवस फिरत राहते. आणि गावोगावच्या वस्त्यांवर संकरित गाईंचे गोठे आहेत, जिथे पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा धार काढावीच लागते. काकड आरतीला वर्षानुवर्षे येणारा भाविक कंटाळल्याची तक्रार करत नाही. कारखान्यातला कामगार करतो, पण पट्टा पडेपर्यंत. हंगाम संपला की कामाचे रूप आणि वेग दोन्ही बदलतात. गोठ्यात राबणारे नवरा-बायको मात्र ‘यातून सुटकाच नाही’ म्हणतात, आणि ते अगदी शब्दशः खरे असते. काम तिन्हीकडे रोजचेच असताना थकव्यात एवढा फरक का पडतो? माझ्या मते या थकव्याचे मूळ कामाच्या तेचतेचपणात थोडे आणि आपल्या जागी उभे राहायला दुसरे कोणी नसण्यात जास्त आहे.

दूधधंद्याचा दिवस कसा असतो, हे शहरातल्या वाचकाला ढोबळ माहीत असते. पण त्याची जाचकता तपशिलात आहे. पहाटे उठून शेण काढायचे, कास धुवायची, धार काढायची आणि डेअरीची वेळ टळण्याआधी कॅन संकलन केंद्रावर पोचवायचा. तिथे दुधातले फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन घटक) मोजतात, त्यावर भाव ठरतो. घरी आले की वैरण: घास कापून आणायचा, कडब्याची कुट्टी करायची, मुरघास काढायचा, पेंड भिजवायची. दुपारी पाणी दाखवायचे आणि चारच्या पुढे सगळे पुन्हा पहिल्यापासून. दोन धारांमध्ये साधारण बारा तासांचे अंतर ठेवावे लागते. एक वेळ चुकली तर दूध घटते, कास तटते आणि दगडी (कासदाह) होण्याची भीती राहते. गाय आटल्यावर साधारण दोन महिने तिची धार नसते. पण दावणीला चार-पाच गाई असल्या की एक आटते तेव्हा दुसरी व्यालेली असते. म्हणजे गाईला विश्रांती मिळते, माणसाला मिळत नाही. लग्न, दहावा, मुलाची परीक्षा, स्वतःचा ताप, काहीही असो, संध्याकाळी पाचला गोठ्यात कोणीतरी हवे. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते, कित्येक बायका त्या दिवशी गाईचे दूध-तूप तोंडात घालत नाहीत. धार मात्र त्या दिवशीही दोन वेळा निघते. बैलाला निदान पोळ्याचा दिवस होता.

एकसुरी कामाचा अभ्यास शंभरेक वर्षे चालू आहे. ब्रिटनच्या औद्योगिक थकवा संशोधन मंडळासाठी वायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ साली कारखान्यांतल्या अशा कामांवर अहवाल लिहिला. एकच काम करणाऱ्यांत काही कंटाळतात, काही फारसे नाहीत, हे त्यांनी नोंदवले. कंटाळा पाळीच्या मध्यावर सर्वांत जास्त असतो, आणि अधूनमधून काम बदलले, थोडी विश्रांती मिळाली, काम तुकड्यातुकड्याने ‘संपले’ असे वाटू लागले, किंवा माणसे एकेकटी न बसता गटाने बसली, की तो कमी होतो, हेही त्यांना दिसले. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट करासेक यांनी मांडले की कामाचा ताण नुसता कामाच्या ओझ्यावर ठरत नाही. ओझे जास्त आणि ते कधी, कसे उचलायचे हे ठरवण्याचा अधिकार कमी, असा मेळ सर्वांत वाईट. लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा १९८५ पासून पाठपुरावा झाला, तेव्हा कामावर आपले काही चालत नाही असे सांगणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. हे अभ्यास गिरण्या-कार्यालयांतले आहेत, गोठ्यातले नव्हेत, हे मान्य. पण त्यांतली कसोटी गोठ्याला लावून पाहा. काम तुकड्यांत ‘संपत’ नाही, वेळ ठरवायचा अधिकार गाईच्या कासेला, आणि माणूस बहुधा एकटा. कंटाळा कमी करणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथे नाहीत.

साप्ताहिक सुट्टी आपल्याकडे निसर्गतः आलेली नाही, ती भांडून मिळवलेली आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याला एक दिवस सुट्टी मागितली, त्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. मधली सहा वर्षे मालकांचा आक्षेप काय असणार, ते ओळखणे अवघड नाही: यंत्र थांबले तर नुकसान. आज शिर्डीतल्या मोठ्या हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोऱ्यालाही २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याची सुट्टी आहे. गर्दीच्या दिवसांत ती कितपत मिळते हा वेगळा प्रश्न; पण मागायला कागद आहे. गोठ्यात मालक आणि मजूर एकच असल्यामुळे सुट्टी मागायची कोणाकडे, हाच पेच आहे.

यावर जुनी माणसे सांगतील की आम्ही याहून जास्त राबलो, आम्हाला कधी ‘अडकल्यासारखे’ वाटले नाही. राबले हे खरेच. पण त्यांच्या वर्षाला चढउतार होते. पेरणी, खुरपणी, सोंगणी, खळे ही कामे अंगावर येत आणि सरत. उन्हाळ्यात जत्रा, लग्ने, पाहुणचार असे. दारची गावरान गाय दूध थोडे देई, पण माणसाला तितकेच थोडे बांधून ठेवी. बायकांचे जाते मात्र रोजचे होते, आणि त्याबद्दल आज फार हळवे लिहिले जाते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. त्या ओव्या मोठे धन आहेत यात शंका नाही. पण गावात पिठाची गिरणी आल्यावर कोणी बाई ओव्यांसाठी पुन्हा रोज जात्यावर बसली नाही. गाण्याने दळण सुसह्य झाले, त्याहून जास्त ते खुंट्याला लागलेल्या दुसऱ्या हाताने झाले असावे, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ठरलेला दिनक्रम माणसाला सावरतो. रोज सकाळी काय करायचे हे ठरवत बसावे लागत नाही, आणि दिनक्रम घट्ट असलेल्यांना आयुष्य अर्थपूर्ण वाटते असे काही मानसशास्त्रीय अभ्यासही सांगतात. राहात्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कांद्याचा भाव कधी कोसळेल याचा नेम नाही, पेरूच्या बागेला कधी काय होईल सांगता येत नाही. पण दुधाचा पगार दहा दिवसांनी हातात पडतो. किराणा, शाळेची फी, सोसायटीचा हप्ता त्यावर चालतो. म्हणजे ही एकसुरी चाकोरी त्याने अजाणता पत्करलेली नाही, बेभरवशाच्या शेतीवरचा उतारा म्हणून जाणूनबुजून घेतली आहे. म्हणूनच ‘कंटाळा आला तर गाई विका’ हा सल्ला निरर्थक आहे, आणि ‘एखादा छंद जोपासा’ हा त्याहून. चाकोरी मोडायची नाही, तिच्यातून अधूनमधून बाहेर पडता आले पाहिजे. काकड आरतीचा क्रम बदला असे कोणी म्हणत नाही. ती एकाच पुजाऱ्याच्या गळ्यात बांधलेली नाही, एवढाच फरक.

इथे एक खबरदारी. प्रत्येक थकव्याचे खापर दिनक्रमावर फोडू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा बाईला पहाटे उठवत नाही ते कंटाळ्याने नव्हे, हिमोग्लोबिन कमी असल्याने. थायरॉइड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता यांनीही अंग गळते. आणि विश्रांती मिळूनही दोन-दोन आठवडे मन उचल खात नसेल, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते; डॉक्टरांना दाखवावे, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. जागतिक आरोग्य संघटना कामाने पिचून जाण्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते. या भेदाला महत्त्व आहे, कारण औषध माणसाला देता येते; कामाची रचना मात्र बदलावी लागते.

रचना थोडीफार बदललीही आहे. अनेकांनी मुक्तसंचार गोठे केले. गाई दावणीला न बांधता कुंपणात मोकळ्या ठेवायच्या, पाणी-वैरण त्या आपापल्या वेळेने घेतात, रोजचे शेण उचलणे जवळजवळ संपते. धारेची यंत्रे आली, मुरघासामुळे रोजचा घास कापणे कमी झाले. कष्ट यांनी नक्कीच घटवले. पण यंत्र लावायलाही माणूस लागतोच, आणि कष्ट घटल्यावर अनेक घरांनी केले काय, तर गाई वाढवल्या. दोष देण्यासारखे त्यात काही नाही. दर पडला की लिटर वाढवण्यावाचून शेतकऱ्याच्या हातात काय असते? पण त्यामुळे हलके झालेले काम पुन्हा जड झाले आणि सुटका होती तिथेच राहिली.

सुटका बदली माणसाने होते, आणि हे कल्पनेतले नाही. फिनलंडमध्ये दुभत्या जनावरांच्या मालकाला कायद्याने वर्षाला २६ दिवस सुट्टी मिळते. त्या दिवसांत धार काढायला प्रशिक्षित बदली माणूस सार्वजनिक खर्चाने पाठवला जातो. ‘तो श्रीमंत देश आहे’ हे उत्तर तयारच असेल. असेना. आपल्याकडे पैशांविना तेच करण्याची रीत होती: सावड, इर्जिक, वारंगुळा. नांगरट असो की सोंगणी, आज तुझ्या शिवारात, उद्या माझ्या. ती धारेपर्यंत का पोचली नाही? एक कारण गाय. अनोळखी हात लागला की ती बिचकते, अॅड्रेनलिन वाढते, ऑक्सिटोसिन अडते आणि ती पान्हा चोरते. पण आधी दोन-चार दिवस बदली माणूस गोठ्यात वावरला, वैरण घातली, की बहुतेक गाई सोसतात. यंत्राच्या धारेत हाताची ओळख आणखी दुय्यम होते. दुसरे कारण रोग: एका गोठ्यातून दुसऱ्यात दगडी किंवा लाळ्या-खुरकूत नेण्याची भीती रास्त आहे, तिच्यासाठी हात, बूट आणि यंत्राचे कप धुण्याची शिस्त लागेल. तिसरे कारण कोणी उघड बोलत नाही: आपली गाय किती देते, घरात कसे चालले आहे, हे भावकीला कळू नये असे वाटते. त्याला औषध नाही, म्हणून बदली माणूस शेजारचा नसून डेअरीचा असावा. दूध संघ कृत्रिम रेतन करतात, पशुवैद्य पाठवतात, पशुखाद्य उधार देऊन पगारातून कापतात. त्याच कपातीत महिन्याच्या दोन बदली धारांचे पैसे बसू शकतात. गावागणिक धारेचे काम जाणणारी दोन-तीन तरुण मुले-मुली त्यावर पोट भरतील. चार घरांनी आपसांत पाळ्या लावायच्या ठरवल्या तर तेवढाही खर्च नको, फक्त विश्वास हवा, आणि तो खर्चाहून अवघड आहे हे मी नाकारत नाही.

एवढे जमले तरी सुट्टी कोणाला, हा प्रश्न राहतोच. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे दिसले, पुरुषांचा ८८. धारेतून सुटलेली संध्याकाळ पुरुषाला पारावर नेईल, बाईला चुलीपुढे. शिवाय डेअरीतले खाते बहुधा पुरुषाच्या नावावर असते आणि गाय ओळखते ती सुनेचा हात. तेव्हा पाळ्यांची यादी खातेदारांच्या नावांवरून करून चालणार नाही. धार काढणाऱ्यांच्या नावांवरून करावी लागेल, आणि त्या संध्याकाळी भाकरी कोण थापणार, हेही त्याच कागदावर लिहावे लागेल.