फुकटचा कागद, महागडं युद्ध

गोवा मुक्तिदिन आला की ‘ऑपरेशन विजय’ची उजळणी होते. मरेपर्यंत लढा, हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांनी मानला नाही, हेही आपल्याला पाठ आहे. पण गोव्यावरून लिस्बनने धडा घेतला तो उलटाच: उरलेल्या वसाहती सोडायच्या नाहीत. अंगोलात १९६१ सालीच लढाई पेटली होती. पुढे गिनी, मग मोझांबिक. १९७४पर्यंत हे चाललं. जेमतेम ९० लाखांच्या देशाने सुमारे ८ लाख सैनिक त्यात उतरवले.

या पोरांना घराशी बांधून ठेवलं ते एरोग्रामने. आपल्या आंतर्देशीय पत्रासारखाच पातळ कागद, दुमडून चिकटवला की झाला लिफाफा. जवानाला तिकिटाचा खर्च नाही. राजवटीच्या मर्जीतल्या एका महिला संघटनेने हे कागद वाटले, ‘टाप’ या विमान कंपनीने फुकट वाहून नेले. पत्त्यात गावाचं नाव नसे, फक्त लष्करी टपालाचा क्रमांक. मुलगा नेमका कुठल्या रानात आहे हे आईला पाकिटावरून कळायची सोय नाही. ज्यांना लिहिणारं कोणी नव्हतं त्यांना याच बायकांनी ‘युद्धाच्या धर्ममाता’ मिळवून दिल्या, म्हणजे पत्रं लिहिणाऱ्या अनोळखी तरुणी. त्यातून काही लग्नंही जमली! हे सगळं सरकारचं औदार्य होतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. घरचं पत्र वेळेवर आलं की जवान आणखी एक महिना कुरकुर न करता काढतो, हा साधा हिशेब.

आणि लिहायचं काय? मी मजेत आहे, काळजी नसावी. गुप्त पोलिसांची धास्ती होतीच, त्याहून मोठी धास्ती आईच्या रडण्याची.

आंतोनिओ लोबो आंतुनेश यांची पत्रं म्हणूनच वेगळी वाटतात. पुढे मोठा कादंबरीकार झालेला हा माणूस १९७१च्या जानेवारीत लष्करी डॉक्टर म्हणून अंगोलाला निघाला, तेव्हा २८ वर्षांचा होता आणि बायको गरोदर होती. पूर्व अंगोलाच्या रानातून त्याने तिला जवळजवळ रोज लिहिलं: शरीराची ओढ, न पाहिलेली लेक, आणि लिहीत असलेल्या कादंबरीची रडकथा. आईच्या मृत्यूनंतर मुलींनी २००५ साली ही पत्रं छापली. त्यांवरचा कृष्णधवल चित्रपट २०१६ साली बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. त्यात पत्रं वाचणारा आवाज बायकोचा आहे, ही दिग्दर्शकाची युक्ती मला फार आवडली.

पत्रांत एक कॅप्टनही भेटतो, एर्नेश्तो मेलो आंतुनेश. डॉक्टर आणि तो संध्याकाळी बुद्धिबळ मांडून बसत. एप्रिल १९७४मध्ये ज्या लष्करी बंडाने राजवट उलथली, त्याचा राजकीय कार्यक्रम लिहिण्यात याच कॅप्टनचा मोठा हात होता. युद्धावरचा विश्वास छावणीतच कसा आटत गेला, ते इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा या प्रेमपत्रांत अधिक स्पष्ट दिसतं.

तरी एक गोष्ट खटकते. ज्या अंगोलन गावकऱ्यांना घरदार सोडायला लावून लष्कराच्या पहाऱ्याखालच्या वस्त्यांत कोंबलं, त्यांच्यासाठी कोणी कागद छापला नव्हता. खुद्द पोर्तुगालातही १९६० साली साधारण तिसरा हिस्सा लोक निरक्षर होते. चित्रपट निघतो डॉक्टरच्या पत्रांवर. खेड्यातला जवान सोबत्याला सांगून दोन ओळी लिहून घेणार, गावी त्या तिसराच कोणी वाचून दाखवणार. त्यात बायकोसाठी काय डोंबलाचं उरणार?