देव देतो, पण कोणाच्या हातून?

‘ज्यानं चोच दिली, तो चाराही देईल’, असं आपण म्हणतो. आणि ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ अशी थट्टाही आपणच करतो. मग खरा भरवसा कोणता म्हणायचा?

१६३० ते १६३२ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. घरात उरली होती ती वाडवडिलांच्या सावकारीची कर्जखतं. ती वसूल केली असती, तर संसार पुन्हा उभा राहता. परंपरा सांगते की, धाकट्या भावाला त्याचा अर्धा वाटा देऊन आपल्या वाट्याची खतं तुकोबांनी इंद्रायणीत सोडली.

याला कुणी अव्यवहार म्हणेल. पण पाहा, दुष्काळ काही एकट्या तुकोबांच्या घरी आला नव्हता. कुळंही तितकीच नागवली होती. देव आपल्याला उपाशी ठेवणार नाही, ही ज्याची खात्री, तोच दुसऱ्यावरचा आपला हक्क सोडू शकतो. आणि ज्या कुळाचं खत पाण्यात गेलं, त्याला देवाचं देणं मिळालं ते तुकोबांच्याच हातून!