तराफ्यांचं गाव

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, शिल्टाख आणि किंत्सिग या नद्यांच्या संगमावर शिल्टाख नावाचं टुमदार गाव आहे. नदीकाठच्या जुन्या लाकूडगिरणीत तिथलं श्युटेझेगे संग्रहालय थाटलेलं आहे. लाकूड, तराफे आणि कातडी कमावणं, हे या गावाचे जुने पोटापाण्याचे धंदे.

खरी गंमत तराफ्यांची. डोंगरात तोडलेले ओंडके एकापाठी एक बांधत, आणि असा तराफा 600 मीटरपर्यंत लांब होई! बांधायला दोर नव्हेत, तर कोवळ्या झाडांच्या काठ्या. त्या भट्टीत तापवून, पीळ देऊन लवचीक करत. मग बांध घालून अडवलेल्या पाण्याचा लोंढा सोडायचा, आणि त्यावर स्वार व्हायचं. हे लाकूड ऱ्हाईनमार्गे थेट हॉलंडच्या जहाजबांधणीपर्यंत पोचे.

झाडाची सालही वाया जात नसे. तिच्यातल्या टॅनिनने कातडं टिकाऊ होतं. आपल्याकडे हेच काम बाभळीची साल करत आली.

1886 मध्ये शिल्टाखला रेल्वे आली आणि त्या शतकाबरोबरच तराफ्यांचा धंदाही आटोपला. गावातल्या हौशी मंडळींनी मात्र ती विद्या जिवंत ठेवली आहे. 2022 मध्ये युनेस्कोने जर्मनीसह सहा देशांतल्या तराफेवाहतुकीची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.