ख्रिस्तपुराण : ओवीछंदातील बायबलकथा

ख्रिस्तपुराण हे मराठीतील पहिले ख्रिस्ती महाकाव्य. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशू ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात ओवीछंदात सांगितली आहे. इ. स. 1616 मध्ये गोव्यातील राशोल, म्हणजे जुने रायतूर, येथे हा ग्रंथ छापला गेला. त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू होता. शिवाजीमहाराजांचा जन्म व्हायला तेव्हा अजून 14 वर्षे होती आणि संत एकनाथांनी समाधी घेतल्याला 17 वर्षे झाली होती. कॅथलिक धर्माचा इतिहास, संतपरंपरा आणि उपासना मराठी श्रोत्यांपर्यंत कशी पोचली, हे समजून घ्यायचे तर या ग्रंथापासूनच सुरुवात करावी लागते.

इंग्लंडहून साष्टीत

स्टीफन्सचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमध्ये प्रॉटेस्टंट पंथ राजमान्य होता आणि कॅथलिकांना छळ सोसावा लागत होता. स्टीफन्सने रोम गाठले आणि 1575 मध्ये तो येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, दाखल झाला. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघालेल्या जहाजातून तो 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरला. प्रवासात पाहिलेला समुद्र, वारे, मासे आणि पक्षी यांचे वर्णन त्याने वडिलांना पत्रातून कळवले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले.

पुढची सुमारे चाळीस वर्षे त्याने गोव्यातील साष्टी तालुक्यात काढली. ही साष्टी मडगाव परिसरातील. मुंबईजवळची साष्टी वेगळी. 1619 मध्ये गोव्यातच त्याचे निधन झाले.

त्या काळच्या जेझुइटांना लॅटिन आणि ग्रीक अभिजात साहित्याचे कसून शिक्षण मिळत असे. व्हर्जिलचे काव्य, सिसेरोची भाषणे आणि वक्तृत्वशास्त्र हा त्यांच्या अभ्यासाचा पाया होता. या शिक्षणामुळे स्टीफन्सचा कान भाषेच्या घडणीकडे लागलेला असे. इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असे त्याने 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, हे सर विल्यम जोन्सने कलकत्त्यात मांडले ते 1786 मध्ये. स्टीफन्सने तो संबंध त्याच्या दोन शतके आधी टिपला होता.

ग्रंथाची पार्श्वभूमी

ख्रिस्तपुराण ज्या भूमीत लिहिले गेले तिथे शांतता नव्हती. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, सार्वजनिक हिंदू विधींवर बंदी घातली होती आणि जुने धर्मग्रंथ बाळगणेही अवघड करून टाकले होते. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. धर्मांतर केलेल्या कुटुंबांच्या घरांतून पोथ्या गेल्या होत्या, पण पोथी ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय तशीच उरली होती.

ही उणीव स्टीफन्सने ग्रंथातच मांडली आहे. पहिल्या अध्यायात साष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी मुलांना आणि नव्या ख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण चालले आहे. तेथे ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की प्रार्थना आणि शिकवण तुम्ही दिलीत, आमची पूर्वीची पुराणे मात्र बंद केलीत. मग त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला दुसरे पुराण का देत नाही? सगळा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाला पाद्रीने दिलेले उत्तर. मधूनमधून श्रोते शंका विचारतात, पाद्री निरसन करतो आणि कथा पुढे सरकते. वक्ता आणि श्रोता यांच्या संवादातून पुराण सांगण्याची ही भारतीय पद्धत स्टीफन्सने जशीच्या तशी घेतली.

रचना आणि विषय

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ जुन्या करारावर आधारलेले असून त्यात 36 अध्याय आहेत. ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र सांगते आणि त्यात 59 अध्याय आहेत. स्टीफन्स अध्यायाला ‘अवस्वरू’ म्हणतो. दोन्ही भाग मिळून 10,962 ओव्या भरतात. पहिल्या भागात सृष्टीची निर्मिती, आदाम आणि एवा यांचे पतन, नोहाच्या काळचा जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद राजा आणि तारणाऱ्याची वाट पाहणारे संदेष्टे येतात. दुसऱ्या भागात मरियेला मिळालेला देवदूताचा निरोप, ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, चमत्कार, दुःखसहन, क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान अशी कथा उलगडते.

हे बायबलचे भाषांतर नव्हे. त्या काळी कॅथलिक चर्चमध्ये लोकभाषेतील बायबलवर कडक निर्बंध होते आणि गोव्यात मिस्सा, म्हणजे वेदीवरचा मुख्य उपासनाविधी, लॅटिनमध्येच होत असे. सामान्य माणसाला ‘आमेन’पलीकडे फारसे काही कळत नसे. ख्रिस्तपुराणाने ती पोकळी भरली. वेदीवरची भाषा लॅटिनच राहिली, पण तिथे चाललेल्या विधीमागची कथा साष्टीतल्या माणसाला मराठीत ऐकायला मिळू लागली.

ग्रंथारंभी नमन आहे. मराठी पोथीत गणेश, सरस्वती, गुरू आणि संत यांना वंदन असते. त्या जागी इथे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा त्रैक्यस्वरूप परमेश्वराला, मरियेला आणि स्वर्गातील संतांना वंदन आहे. शब्दसंपत्तीही मराठी भक्तिपरंपरेतली आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ येते, देवासाठी ‘परमेश्वर’ आणि ‘सर्वेश्वर’, तर तारणासाठी ‘मुक्ती’. शब्द ओळखीचे ठेवून त्यांत ख्रिस्ती अर्थ भरण्याचे हे काम जोखमीचे होते, कारण जुना अर्थही श्रोत्याच्या मनात जागा असतो. हा धोका पत्करल्यामुळेच ग्रंथ परका वाटला नाही.

छंद तर पूर्णपणे मराठीच. पहिल्या तीन चरणांत यमक आणि शेवटचा चरण आखूड, ही ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांतली ओवी स्टीफन्सने आत्मसात केली. पळसदेव-इंदापूरच्या भीमाकाठी हरिनाम सप्ताहात व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीचे पारायण ऐकणाऱ्याला ख्रिस्तपुराण वाचून दाखवले, तर पात्रे अनोळखी वाटतील, पण ओवीची चाल लगेच ओळखू येईल.

मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या ख्रिस्तपुराणातील ओव्या सर्वाधिक प्रसिद्ध आहेत. रत्नांत हिरा, सुगंधात कस्तुरी, तशी भाषांत मराठी, अशी उपमांची मालिका तिथे आहे. ग्रंथासाठी आपण मराठी निवडली आणि लोकांना सोपे जावे म्हणून ब्राह्मणांच्या कोकणी बोलीतले शब्द मिसळले, हेही स्टीफन्सने स्पष्ट केले आहे. गोव्यात बोलण्याची भाषा कोकणी असली, तरी काव्याची आणि पुराणाची भाषा मराठी होती. म्हणून धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी त्याने कोकणीत लिहिली आणि व्याकरणही कोकणीचेच लिहिले. ती पुस्तके त्याच्या मृत्यूनंतर अनुक्रमे 1622 आणि 1640 मध्ये छापली गेली.

रोमन लिपीतील मराठी

गोव्यात 1556 मध्ये छापखाना आला, पण देवनागरीचे खिळे नव्हते. स्थानिक लिपीत छपाई व्हावी, अशी इच्छा स्टीफन्सने 1608 मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली. ती पुरी झाली नाही आणि ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच निघाले. मराठी उच्चार पकडण्यासाठी एक पद्धत रूढ झाली होती. ट, ड, ण, ळ या मूर्धन्य वर्णांसाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचे आणि अनुस्वारासाठी शेवटी ‘एम’ जोडायचे. ‘पुराण’ मधला ‘ण’ दोन ‘एन’ घालून छापला जाई. ओव्या कानावर रुळलेल्या असल्याने वाचणाऱ्याला उच्चार साधणे कठीण गेले नाही.

प्रसार आणि पडता काळ

ग्रंथाच्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये रविवारी आणि सणांच्या दिवशी त्याचे वाचन होई. त्याच्या पावलावर पाऊल ठेवून इतरांनीही लिहिले. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुवा याने संत पीटरच्या जीवनावरील मराठी पुराण 1629 मध्ये छापले. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश याने मुंबई-वसईकडील ख्रिस्ती बोलीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण रचले. ते 1659 मध्ये लिस्बनला छापले गेले आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती गावांत गायले जाऊ लागले.

मग सरकारी धोरण फिरले. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा झरा आटत गेला. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे, मंगळूर परिसरात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला जपून ठेवल्या होत्या.

पुनर्शोध

अशा हस्तलिखितांवरून जोसेफ एल. सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती सिद्ध केली. पुढे मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमध्ये देवनागरीतील हस्तलिखित आढळले. त्यात पोर्तुगीज आणि लॅटिन शब्दांच्या जागी अनेक ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. त्यामुळे मूळ पाठ कोणता, याची चर्चा अभ्यासकांत सुरू झाली. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये पुण्यात निघाली आणि महाराष्ट्रातील सर्वसाधारण वाचकाला ग्रंथ प्रथमच सहज हाती आला. 1996 मध्ये कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली. फादर नेल्सन फाल्काव यांनीही ग्रंथाचा सविस्तर अभ्यास करून तो आजच्या मराठीत आणला.

दरम्यान वेदीवरची भाषाही बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचे संविधान मंजूर केले आणि मिस्सा लोकभाषेत करण्याची वाट मोकळी झाली. आज वसईच्या चर्चमध्ये मिस्सा, वाचने आणि भजने मराठीत होतात. वसईचेच धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वेदीवरचा विधी आणि त्यामागची कथा यांची भाषा आता एक झाली आहे. ती कथा मराठीत आणण्याचे काम स्टीफन्सने त्या परिषदेच्या जवळजवळ साडेतीनशे वर्षे आधी केले होते. म्हणून ख्रिस्तपुराणाचे स्थान कॅथलिक इतिहासात जेवढे, तेवढेच मराठी काव्याच्या इतिहासातही आहे.