सोनेरी घोटाची पारख

बिअर म्हटली की पिवळीधमक, फेसाळ आणि थंडगार पेयाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र प्रामुख्याने लागर या प्रकाराने घडविले आहे. दिसायला जवळपास तशीच, पण निराळ्या कुळातील बिअर म्हणजे ब्लाँड एल. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली आणि मायक्रोब्रुअरी हा शब्द महाराष्ट्रातील शहरी ग्राहकाच्या परिचयाचा झाला. अशा ठिकाणी ब्लाँड एलकडे बहुधा ‘नवशिक्यांची बिअर’ म्हणून पाहिले जाते. वास्तविक, बिअर बनविणाऱ्याच्या कौशल्याची खरी परीक्षा तीच घेते.

लागरचे किण्वन थंड तापमानात संथपणे होते. एलचे यीस्ट मात्र साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसच्या उबेत झपाट्याने काम करते आणि फळांसारखा सौम्य गंध मागे ठेवते. लागरची सवय असलेल्या ग्राहकाला एलकडे वळविण्यासाठी अमेरिकेतील छोट्या उत्पादकांनी ब्लाँड एल लोकप्रिय केली. जर्मनीतील कोलोन शहराची क्योल्श ही तिची जवळची नातलग. बेल्जियमची ब्लाँड मात्र वेगळी. ती बरीच अधिक मादक असते. अमेरिकी पद्धतीच्या ब्लाँड एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण ३.८ ते ५.५ टक्के असते.

आस्वाद घेण्याची पद्धत सोपी आहे. पेला स्वच्छ हवा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिले, तर तो नीट धुतलेला नाही असे समजावे. बर्फासारखी गार बिअर जिभेला बधिर करते. सात-आठ अंश तापमान पुरेसे. प्रथम रंग पाहावा, फिकट पिवळा ते गडद सोनेरी. मग फेस विरण्यापूर्वी पेला नाकाशी न्यावा. ताज्या पावाचा किंवा बिस्किटाचा मंद वास यावा, सोबत फळा-फुलांची हलकी झाक असावी. पहिल्या घोटात माल्टचा किंचित गोडवा, पाठोपाठ हॉप्सचा सौम्य कडवटपणा आणि शेवटी स्वच्छ, बेताची कोरडी चव, असा हा प्रवास असतो.

खरी पारख सुरू होते ती यानंतर. इंडिया पेल एलमध्ये हॉप्सचा, तर स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टचा दणका इतका असतो की लहानसहान दोष त्याखाली झाकले जातात. ब्लाँड एलला असा आडोसा नाही. वरणात मीठ कमी-जास्त झाले की लगेच कळते, तसेच हे आहे.

लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला, तर किण्वन पूर्ण होण्याआधीच घाई झाली असण्याचा संभव असतो. यीस्टने निर्माण केलेला डायअ‍ॅसेटिल हा पदार्थ त्याला पुन्हा शोषून घेण्यास अवधी मिळालेला नसतो. हिरव्या सफरचंदाचा वास हेही बहुधा अपक्वतेचेच लक्षण. उकडलेल्या मक्याचा वास आल्यास माल्टचा काढा पुरेसा खळखळून उकळला नसावा. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअरला हवा लागली आहे, ती शिळी झाली आहे. बाटलीवर ऊन पडल्यास हॉप्समधील घटकांचे विघटन होऊन उग्र दुर्गंध येतो. म्हणूनच बिअरची बाटली बहुधा तपकिरी असते. आणि नळातून दिलेली बिअर अनपेक्षितपणे व्हिनेगरसारखी आंबट लागली, तर नळी वेळेवर साफ झाली नसल्याची शंका घ्यावी.

‘क्राफ्ट’ या शब्दासाठी ग्राहक जादा दाम मोजतो. त्या शब्दाला हा उत्पादक कितपत जागतो, हे पडताळण्याचे साधे साधन म्हणजे त्याची ब्लाँड एल. अपरिचित ठिकाणी पूर्ण पेला मागविण्यापूर्वी तिचा छोटा नमुना मागावा. पारखण्यासाठी दोन-चार घोट पुरतात. ती सौम्य लागते म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. त्यानंतर वाहन चालवू नये, हे ओघाने आलेच. दुसरा घोट पहिल्याइतकाच स्वच्छ लागला, तर त्या उत्पादकाच्या इतर बिअरही विश्वासाने मागवायला हरकत नाही.